दादा कोणत्या गटात उभे होते?

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये होतो आणि दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. पारनेर तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू आणि थोडी विहिरीवरची जमीन आहे. दादा कांद्याच्या रानात उभे होते आणि वैतागले होते.

“अरे, हे पीक पाहणीचं अ‍ॅप म्हणतंय, तुम्ही निवडलेल्या गटापासून लांब आहात. मी आपल्या विहिरीपाशी उभा आहे. अजून किती जवळ जाऊ?”

घरात एक इंजिनिअर असला की मोबाइलच्या सगळ्या तक्रारी त्याच्याकडे येतात. लोकेशन चालू करा, झाडाखालून बाहेर या, फोन बंद करून चालू करा, असं नेहमीचं सगळं सांगून झालं. काही फरक पडेना. शेवटी त्यांच्याकडून स्क्रीनचा फोटो मागवला, गावाचा नकाशा उघडला आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितले.

अ‍ॅपचं काही चुकलं नव्हतं. सातबाऱ्यावर दादांचं नाव गट नंबर २१२ ला आहे आणि २१२ ओढ्याच्या कडेला आहे. दादा उभे होते २१८ मध्ये. विहीर, आंबा, कांदा सगळं २१८ मध्ये. पन्नासएक वर्षं आमचं घर जे रान कसतंय, त्याचा सातबारा नानांच्या, म्हणजे दादांच्या चुलतभावाच्या नावावर आहे. आणि नाना कसतात ते ओढ्याकडचं रान कागदावर आमचं आहे.

सरकारदरबारी आम्ही दोन घरं अर्धं शतक एकमेकांच्या शेतात राबत होतो. भांडण नाही, तंटा नाही. कुणाला पत्ताच नव्हता.

हे ऐकून मी हादरलो त्याचं अर्धं कारण वेगळं होतं. दोनच महिन्यांपूर्वी मी स्वतः अशीच चूक केली होती, फक्त कोडमध्ये.

नाव, जागा आणि नंबर

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. मंत्रिमंडळाचा निर्णय मार्चमधलाच होता, अधिसूचना ऑक्टोबरात निघाली. त्यानंतर काही दिवसांनी मी लिहिलेल्या एका स्क्रिप्टने अहवाल दिला की नगर जिल्ह्यात या महिन्यात एकही ऑर्डर पोचलेली नाही. माल रोज पोचत होता. पण एका तक्त्यात जिल्हा ‘अहमदनगर’ होता, दुसऱ्यात ‘अहिल्यानगर’, आणि माझी स्क्रिप्ट दोन्ही तक्ते नावावरून जुळवत होती. नाव जुळलं नाही, म्हणून तिने शून्य लिहिलं. तिने कुरकुरही केली नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

खरं तर नाव बदलण्याआधीही ती कधीतरी फसलीच असती. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी यादीत ‘अहमद’मधल्या ‘म’नंतर ‘ए’ हे अक्षर आहे, बाकी बहुतेक ठिकाणी ‘ई’ आहे. त्याच यादीत जिल्ह्याला ५२२ हा क्रमांकही होता. मी तो वापरायला हवा होता. नाव बदललं तरी गाड्यांवरचं एमएच-१६ तसंच राहिलं आणि शहराचा पिन ४१४००१ च राहिला.

ज्यांनी कधी कोड लिहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्क्रिप्टमधून एखाद्या वस्तूला हात घालायचे ढोबळमानाने तीन मार्ग असतात. एक, नावाने: ‘अहमदनगर नावाची ओळ आण.’ दोन, जागेने: ‘यादीतली पाचवी ओळ आण.’ तीन, ओळखक्रमांकाने: ‘ज्या ओळीचा आयडी ५२२ आहे ती आण, मग ती कुठेही असो आणि तिचं नाव काहीही असो.’

नावं बदलतात, आणि दोघांचं एकच असू शकतं. जागा तर त्याहून बेभरवशाची, कारण वरची एक ओळ खोडली की पाचवी ओळ चौथी होते आणि स्क्रिप्ट बिनदिक्कत भलत्याच ओळीवर काम करून मोकळी होते. म्हणून वस्तू जन्माला येतानाच तिला एक नंबर द्यायचा, तो कधी बदलायचा नाही आणि ती वस्तू गेली तरी दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, हे आम्हाला कॉलेजपासून शिकवलेलं असतं.

आमच्या गावाच्या जमिनीच्या कागदांत हे तिन्ही मार्ग आहेत. तिन्ही वापरून झालेले आहेत आणि तिन्ही कधी ना कधी फसलेलेही आहेत.

आंब्याखालचं रान

आजी कधीही ‘गट २१८’ म्हणाली नाही. ती म्हणायची ‘आंब्याखालचं’. तसंच ‘वढ्याकडचं’, ‘माळावरचं’. ही नावं घरापुरती आणि फार तर भावकीपुरती चालतात. गावाच्या पातळीवर पूर्वी ‘थळ’ असायचं, म्हणजे जमिनीचा मोठा भाग, बऱ्याचदा मूळ कसणाऱ्या घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा. त्या थळांची यादी म्हणजे थळझाडा. पेशवाईतल्या कागदांत हा शब्द भेटतो.

गावांच्या नावांतही तोच घोळ होता आणि लोकांनी त्यावर उपाय शोधला होता. एकट्या पारनेर तालुक्यात राळेगण सिद्धी आहे आणि राळेगण थेरपाळही आहे. शेजारच्या नगर तालुक्यात राळेगण म्हसोबा. पिंपळगाव म्हणाल तर पारनेरात पिंपळगाव रोठा, श्रीगोंद्यात पिंपळगाव पिसा, नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी, अकोल्यात पिंपळगाव खांड. नावं आपटायला लागली की मागे एक शेपूट जोडायचं. आम्ही कोडमध्ये याला नेमस्पेस म्हणतो आणि त्यावर मीटिंगा घेतो. गावांनी ते कधीच करून टाकलं होतं.

शेत विकायचं, गहाण टाकायचं किंवा इनाम द्यायचं तर कागदावर चतुःसीमा लिहायची: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. ही जागेवरून दिलेली ओळख. जोवर शेजारी तोच आहे आणि ओढा तिथूनच वाहतोय तोवर उत्तम. शेजाऱ्याने शेत विकलं की तुमच्या जमिनीचा पत्ता बदलतो, तुम्ही काहीही न करता. पण या पद्धतीत एक चांगली गोष्ट होती. ती तपासायला माणसाला शेतात जाऊन उभं राहावं लागायचं, आणि चार शेजारी साक्षीला असायचे.

साखळीने आलेला नंबर

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि नगरला कंपनीचा कलेक्टर बसला. महसूल हवा तर कोणती जमीन किती आणि कुणाची हे कळायला हवं. त्याआधीही मोजण्या झाल्या होत्या. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या धाऱ्याचं नाव तर ब्रिटिश अधिकारी दोनशे वर्षांनंतरही काढत होते. पण सगळीकडे चालेल असं एकसारखं माप नव्हतं. बिघा आणि चाहूर ही मापं होती, पण या गावचा बिघा त्या गावच्या बिघ्याएवढा असेलच असं नाही.

रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाअखेर पुण्याकडून पाहणी सुरू केली. तिचं गणित इतकं गुंतागुंतीचं आणि हाताखालचं काम इतकं भ्रष्ट होतं की ती टिकली नाही. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. तीच पद्धत पुढे नगर जिल्ह्यातही आली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले.

माप होतं ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला म्हणायचं आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज नगर-पुणे रस्त्यावर प्लॉटच्या जाहिरातीत जो ‘गुंठा’ दिसतो, तो त्या साखळीचा चौरस आहे.

शेताचे तुकडे पाडतानाही हिशेब होता. एका बैलजोडीला पेलेल एवढं रान म्हणजे एक सर्व्हे नंबर. हलक्या जमिनीत साधारण २० एकर, मध्यम जमिनीत १५, काळ्या जमिनीत १२, भाताच्या खाचरात ४. प्रत्येक तुकड्याच्या कडेला दगड आणि मातीचे उंचवटे घालायचे, नकाशा काढायचा आणि एक नंबर द्यायचा. हद्दीची खूण मोडणं हा गुन्हा ठरला.

माझ्या धंद्यातल्या नजरेने बघितलं तर हे काम फार नेटकं आहे. मालक बदलला तरी नंबर तोच. पीक बदललं, शेजारी बदलला, तरी नंबर तोच. नंबर गावापुरताच वेगळा असतो, म्हणून गाव, तालुका आणि जिल्हा सोबत लिहायचा, म्हणजे राज्यात त्याला जोड नाही. वाटण्या झाल्या की ४५ चे ४५/१ आणि ४५/२, पुढे ४५/२/अ. मूळ नंबर पोटात ठेवून फांद्या फुटत जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्कनोंदणीचा कायदा आला आणि मग प्रत्येक बदलाला फेरफार नंबर मिळू लागला. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आधीच्या मालकाचं नाव खोडलेलं नसायचं, त्याला कंस केलेला असायचा आणि शेजारी गोलात फेरफाराचा नंबर. जुनं पुसायचं नाही, कंसात ठेवायचं, ही शिस्त मला अनेक डेटाबेसांत सापडलेली नाही.

नंबर दुसऱ्यालाही सापडतो

पण पक्का नंबर फक्त मालकाच्या कामी येत नाही.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या आठवडी बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. हे सुपे पुणे जिल्ह्यातलं, आज बारामती तालुक्यात मोडणारं. आमच्या पारनेरातलं नगर रस्त्यावरचं सुपा वेगळं. लहानपणी मी दोन्ही एकच समजायचो, हाही नावाच्याच भरवशाचा परिणाम. तिथून दंग्याचं लोण नगर जिल्ह्यात आलं: श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत. लोक धान्यापेक्षा कागद मागत होते. कर्जरोखे, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे हातात आले की जाळायचे.

कारणं बरीच होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला होता, काही तालुक्यांत सारा वाढला होता, कर्ज थकलं होतं. पण ते घडू शकलं त्यामागे मला एक साधी गोष्ट दिसते. जमिनीला नंबर आला, मालकाचं नाव त्या नंबरापुढे लागलं, आणि मग ती जमीन कागदावरून हलवता येऊ लागली. ज्याने ते शेत कधी बघितलं नाही, ज्याला त्यातला आंबा आणि विहीर माहीत नाही, तो कोर्टात बसून ते घेऊ शकत होता. चार शेजाऱ्यांना विचारायची गरज उरली नव्हती.

१८७९ मध्ये सरकारने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात एक तरतूद अशी होती की साध्या पैशांच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याची जमीन विकता येणार नाही. ती कर्जापोटी नेमकी नमूद करून गहाण दिलेली असेल तरच विकता येईल. म्हणजे कायद्यालाही म्हणावं लागलं: बोट दाखवायचं तर नीट, नेमक्या वस्तूकडे दाखवा.

गटवारी

मग आमचे दोन नंबर अदलाबदल कसे झाले? त्याचं उत्तर पुढच्या शतकात आहे.

पिढ्यागणिक वाटण्या होत गेल्या. डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक छापलं. त्यांच्या हिशेबाने १७७१ मध्ये तिथे सरासरी खातं ४० एकरांचं होतं, १९१५ च्या सुमाराला ७ एकरांचं. त्यातही एकाच घराचे तुकडे गावभर विखुरलेले. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर बैल न्यायचे तर अर्धी सकाळ जायची.

यावर उपाय म्हणून १९४७ मध्ये मुंबई प्रांताने तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा केला. गावातले तुकडे आपसात बदलून प्रत्येकाला शक्यतो सलग जमीन द्यायची आणि नव्या तुकड्याला नवा नंबर द्यायचा. तोच गट नंबर. लोक त्या कामाला गटवारी म्हणतात. आमच्या भागात आजोबांच्या पिढीने ती बघितली.

हेतू चांगलाच होता. पण माझ्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या गावाचे आयडी एका रात्रीत बदलायचे होते. असं काम आम्ही करतो तेव्हा दोन गोष्टी लागतात. एक, जुना नंबर कोणत्या नव्या नंबरात गेला याचा तक्ता. तो भूमी अभिलेख खात्याने केला, आजही एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर शेजारी शेजारी मिळतो. दुसरी गोष्ट जास्त महागाची. नवा नंबर ज्या वस्तूकडे बोट दाखवतोय, ती खरोखर त्याच माणसाच्या हातात आहे का, हे प्रत्येक ओळीला तपासायचं.

राज्यभर कितीतरी ठिकाणी हे दुसरं काम राहून गेलं. कागदावर अदलाबदल झाली, रानात झाली नाही. किंवा रानात झाली आणि कागदावर उलटी उतरली. आमच्याकडे नेमकं काय घडलं हे सांगणारं माणूस आता कुणी नाही. आजोबा विहिरीवर मोट हाकत राहिले, नानांचे वडील ओढ्याकडे पेरत राहिले. सारा थोडका, तो दोघंही भरत होते. चूक कुणालाच टोचली नाही.

ती टोचायला उपग्रह यावा लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवायची पद्धत सुरू झाली. पुढच्या अ‍ॅपने फोटो कुठून काढला हेही बघायला सुरुवात केली. पहिल्यांदाच नंबर, नकाशा आणि मातीत उभा असलेला माणूस यांची एका वेळी गाठ पडली.

पंचनामा

त्या फोननंतरच्या रविवारी मी गावी गेलो. नानांच्या ओट्यावर बसून मी लॅपटॉपवर नकाशा दाखवला. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तुमची विहीर माझी म्हण की.”

सगळे हसले, पण हसण्यात थोडी चाचपणीही होती. ओढ्याकडचं रान हलकं आहे आणि तिथे पाणी नाही. कागदाप्रमाणे चाललं असतं तर नानांना आयती विहीर मिळत होती. त्यात नानांच्या मुलाने पोल्ट्रीसाठी बँकेत कर्जाचा अर्ज केला होता. तारण: गट २१८. आमच्या आजोबांनी खणलेली विहीर, आम्हाला न विचारता आणि त्यालाही न कळता, बँकेकडे गहाण पडणार होती. मला १८७५ आठवलं.

दादांनी फक्त एवढंच विचारलं, “नाना, तुम्ही कुठं पेरता?”

“वढ्याकडं.”

“मग झालं तर.”

एवढ्यावर त्यांचं संपलं. अर्ज त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी थांबवला. कागदाचं संपायला वेळ लागतो. २०२३ पासून राज्य सरकारची सलोखा योजना आहे. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान बारा वर्षं चाललेलं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. अशी योजना काढावी लागली, यावरून आमच्यासारखी घरं किती असतील याचा अंदाज यावा.

त्या योजनेत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पंचनामा. तलाठी आणि मंडळ अधिकारी शेतात येतात, कोण कुठे कसतो ते बघतात आणि आजूबाजूच्या गटधारकांच्या सह्या घेतात. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांची गरज संपली असं वाटलं होतं, तेच चार शेजारी नंबर दुरुस्त करायला पुन्हा बांधावर येतात.

केंद्र सरकार आता प्रत्येक जमिनीला चौदा अंकी भू-आधार क्रमांक देतंय, तो जमिनीच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून निघतो. २०२० पासून सातबाऱ्यावर गावाचा कोडही छापला जातो, त्यामुळे उद्या गावाचं नाव बदललं तरी माझ्यासारख्याची स्क्रिप्ट अडणार नाही. हे सगळं चांगलंच आहे. पण कोणत्याही नंबराला स्वतःला शेत माहीत नसतं. कुणीतरी एकदा जाऊन बघितलेलं असतं, त्या भरवशावर पुढचे सगळे चालतात. त्या एकाने बघितलंच नसेल, तर नंबर कितीही अंकांचा असो, तो तितक्याच ठामपणे भलत्या रानाकडे बोट दाखवत राहील. माझ्या स्क्रिप्टने शून्य लिहिलं होतं तितक्याच ठामपणे.

ती स्क्रिप्ट मी नंतर दुरुस्त केली. आता ती जिल्हा क्रमांकावरून जुळवते, आणि एखादी ओळ जुळली नाही तर शून्य न लिहिता थांबते आणि मला विचारते.

आमच्या पंचनाम्याला मीही गेलो होतो. आंब्याखाली सतरंजी टाकली होती. नकाशावर २१२ आणि २१८ ला लाल पेनाने गोल केले होते. तलाठ्यांनी शेजारच्या एका म्हाताऱ्या आजोबांना विचारलं, “हा गट कोणाच्या ताब्यात आहे?” आजोबांनी कानामागे हात नेला. त्यांना ‘गट’ कळला नसावा. तलाठ्यांनी पुन्हा विचारलं, “बाबा, हे आंब्याखालचं रान कोण करतं?”

आजोबांनी दादांकडे बोट दाखवलं.